मागे वळणारा बाण

"बाई, त्यास्नी सांगा, बगॅस आल्याबिगर माझा बॉयलर पेटत न्हाई."

रंगराव चौगले माझ्याकडे बघून बोलले. ज्यांना सांगायचं ते हिंदुराव खवरे त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते.

"आणि बाई, तुमीबी त्यास्नी सांगा," हिंदुराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मिलला वाफ आल्याबिगर माझा कॅरियर हलत न्हाई."

मी सांगितलं. इकडचं तिकडे सांगितलं, तिकडचं इकडे. दोघांनीही मान हलवून ऐकून घेतलं, जसं काही पहिल्यांदाच कानावर पडतंय.

रंगराव बॉयलरचे फोरमन आणि हिंदुराव मिलचे. शिवाय रंगराव हे हिंदुरावांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी. या दाजी-मेव्हण्यांचं बोलणं काही वर्षांपासून बंद होतं आणि सगळ्या कारखान्याने त्याची सवय करून घेतली होती. दोघांमध्ये काही बोलणं पडलं की एक तिसरा माणूस धरायचा. मी आल्यापासून तो तिसरा माणूस मी होते.

कोल्हापूरकडचा एक सहकारी साखर कारखाना. मी, सुलक्षणा रणभिसे, तिथे एका बंद हंगामापुरती लागले होते. गाळप संपलं की साखर कारखाना अख्खा उघडतात. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या निघतात, भट्टीच्या विटा बदलतात, आणि दिवाळीच्या आसपास ऊस यायच्या आत सगळं परत जागच्या जागी बसवतात. या कामाचं नेटवर्क काढायचं, हे आमच्या चीफ इंजिनियर शिरगुप्पे साहेबांच्या डोक्यात आलं आणि त्यासाठी मला बोलावलं. एका लांबलचक कागदावर गोल आणि बाण. प्रत्येक बाण म्हणजे एक काम, आणि गोल म्हणजे आधीचं संपून पुढचं सुरू होण्याची जागा. सगळ्यात लांब साखळी लाल शाईने रंगवायची. तिच्यातलं एक काम लांबलं की पूर्ण हंगाम लांबतो. बाकीच्या कामांना थोडी सवड असते, लाल रेघेला नसते.

हा कागद मी प्लॅनिंगच्या खोलीच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवला होता. कामगार त्याला 'बाईंचं जाळं' म्हणत. व्हाइस चेअरमन तात्यासाहेब इंगवले यांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन पावलं मागे सरून म्हणाले, "दसऱ्याला बॉयलर पेटला तर जाळं ऱ्हाईल. न्हाई पेटला तर बाई आणि जाळं, दोन्ही एकाच एस्टीत बसवून देऊ." सगळे हसले, मीही हसले. पण ते थट्टेत बोलत नव्हते.

आणि मला ती नोकरी हवी होती. पुण्यात दोन कचेऱ्यांत इंजिनियर म्हणून लागून मी टायपिंगचे कागद तपासले होते. इथे ग्रीसचा वास होता, घणाचे आवाज होते, आणि सकाळी फोरमन लोक माझ्या भिंतीपुढे येऊन "आज आमचा बाण कुठवर आला?" म्हणून विचारत. मला असं कुणी कधी काही विचारलं नव्हतं. एस्टीत बसून परत जायची माझी अजिबात तयारी नव्हती.

त्या दिवशी दोघं उठून आपापल्या दाराने गेल्यावर मी भिंतीपुढे उभी राहिले आणि त्यांनी सांगितलेलं बोटाने धरून चालत गेले. बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा भुसा. तो जळला की बॉयलर तापतो. बॉयलर तापला की वाफ. वाफ आली की मिल फिरते. मिल फिरली की तिच्याबरोबर कॅरियर, म्हणजे भुसा वाहणारा लोखंडी फळ्यांचा पट्टा. आणि कॅरियर फिरला की बॉयलरपाशी बगॅस. बोट निघालं तिथेच परत आलं.

नेटवर्कमध्ये बाण नेहमी पुढे जातो. तो मागे वळून स्वतःलाच मिळाला की त्या वर्तुळातलं कुठलंच काम सुरू होऊ शकत नाही, कारण प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत बसतो. पुस्तकात ही चूक एका ओळीत सांगितलेली असते. इथे ती चूक मिश्या लावून बाकाच्या दोन टोकांना बसत होती.

शिरगुप्पे साहेब माझ्या बोटाकडे बघत हसले. "अहो, यात गाठ कुठं आहे? यार्डात गेल्या हंगामाचा बगॅस मुद्दाम राखून ठेवलेला आहे. पहिला जाळ त्याच्यावर करायचा. मिलची माणसं डोक्यावरून पाट्या टाकतात, बॉयलर पेटतो, मग पुढचं चाक आपोआप फिरतं. दरसाल असंच होतं."

"मग यंदा का नाही?"

"यंदा हिंदुराव मिलचा फोरमन झालाय. यार्ड त्याच्या ताब्यात. रंगराव 'पाट्या टाक' असं म्हणणार नाही, आणि म्हटल्याशिवाय हिंदुराव टाकणार नाही."

"तुम्ही हुकूम काढा."

"काढीन की. हुकमाच्या पाट्या पण येतील. वरचा पावसाने भिजलेला थर येईल. नुसता धूर होईल, आणि कुणाला काही म्हणता यायचं नाही." त्यांनी टोपी उचलली. "बघा काही सुचतं का."

सुचलं ते एका मृत्यूमुळे. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची पूजा जोडप्याने करायची असते. ज्या संचालकांना तो मान होता त्यांचे चुलते नवरात्रात वारले, आणि घरात सुतक आलं. आता कुणाला बसवायचं यावर संचालकांत कुजबुज सुरू झाली. मी शिरगुप्पे साहेबांना म्हटलं, "रंगराव आणि त्यांच्या मंडळींनाच बसवलं तर? इतकी वर्षं बॉयलर तेच पेटवताहेत." माझा हिशेब साधा होता. बहीण पूजेला बसल्यावर भाऊ चांगला बगॅस अडवून धरणार नाही.

तात्यासाहेबांना ते लगेच पटलं. "बरं झालं, संचालकांत भांडणं लागायची न्हाईत," म्हणून त्यांनी निमंत्रणपत्रिकेत नावंही छापून टाकली. रंगरावांना सांगितलं तेव्हा त्या दांडग्या माणसाचे कान लाल झाले. "घरात इचारून सांगतो," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी आले आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले. "न्हाई म्हणती."

संध्याकाळी मी कॉलनीत त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मंडळी, आक्काताई, पुढच्या सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मागे देवघरात नवरात्राचा घट होता. मी समोर बसले.

"ह्यांनी लावून दिलं तुमास्नी?"

"नाही, माझी मी आले. तुम्ही नको का म्हणताय?"

"मी नको म्हणीन व्हय?" त्या उसळून म्हणाल्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दलही पुरुषांसारखं 'येतो, जातो' बोलतात, त्याची मला एव्हाना गोडी लागली होती. "लगीन झाल्यापास्नं त्या बॉयलरची राख मी ह्यांच्या कापडातनं धुतो. त्याला काडी लावायला मिळाली तर मला नको हाय? पन आमच्यात जोडीनं पूजंला बसायचं म्हंजी म्हायारचा आहेर लागतो. भावानं दिलेलं लुगडं नेसल्याबिगर बाई पाटावर बसत न्हाई. भाऊ नसता तर गोष्ट येगळी. माझा हाय की चांगला धडधाकट, त्या मिलमधी."

मग त्यांनी भांडणाची गोष्ट सांगितली. हिंदुरावांची सुशीला आक्काताईंच्या मुलाला करायची, ही पाळण्यातली बोली होती. सुशीला मोठी झाली आणि म्हणाली, मला नर्स व्हायचंय. हिंदुरावांनी मुलीचं ऐकलं. रंगरावांनी त्यावर "पुन्यांदा माझा उंबरा चढू नगंस" असं भरल्या घरात ऐकवलं, आणि हिंदुरावांनी ते पाळलं.

"आणि आता?"

"आता काय! माझ्या पोराचं लगीन झालं, सून गुणाची हाय, नातू रांगतोय. सुशी मिरजेला नर्स झाली. ह्यांचं पोट दुखलं तर परवा म्हंतेत, सुशी असती तर गोळी तरी सांगितली असती. मला सांगा बाई, रुसवा आता ऱ्हायलाय कशावर?"

"मग तुम्हीच बोलवा की भावाला."

"बोलावणं घरधन्यानं करायचं असतंय. मी चोरून बोलीवलं तर ह्यांचा मान जातो, आणि तसं बोलीवल्यालं त्येलाबी चालायचं न्हाई." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग शेंगाच फोडायला लागल्या.

मी तडक रंगरावांना गाठलं. ते म्हणाले, "आहेर घिऊन येनाऱ्याला कोन आडिवलंय? भनीसाठी त्यानं आपनहून यायचं. आला तर मी काय दार लावून घेनार हाय?"

मिलमध्ये हिंदुरावांना गाठलं. ते म्हणाले, "ज्या तोंडानं उंबरा चढू नगंस म्हटलं, त्या तोंडानं ये म्हणाया पायजे. बोलावणं आल्याबिगर मी आहेर कसा न्यावा?"

मी परत भिंतीपुढे आले आणि पेन्सिलने कोपऱ्यात दोन छोटे गोल काढले. हिंदुरावांच्या म्हणण्याप्रमाणे आधी बोलावणं, मग आहेर. रंगरावांच्या म्हणण्याप्रमाणे आधी आहेर, मग बोलावणं. दोन्ही बाण काढले तर पुन्हा तेच वर्तुळ. मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, दसरा तोंडावर होता, आणि माझा बॉयलर एका लुगड्यावर अडून बसला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा आक्काताईंकडे गेले. काही सुचलं होतं म्हणून नाही. निदान त्या बाईला खरं सांगावं, एवढंच मनात होतं. मी म्हटलं, "पूजा रद्द झाली तर तुम्हाला बोल लागू नये म्हणून सांगते. भांडण तुमच्या घरातलं असलं तरी अडकलंय सगळंच." आणि त्यांच्या समोरची टरफलं घेऊन मी जमिनीवर गोल मांडला. "हा बगॅस. त्याने हा बॉयलर पेटतो. त्याची ही वाफ. वाफेने ही मिल. आणि मिल फिरली की पुन्हा हा बगॅस. दोघंही म्हणतात, आधी तू."

आक्काताईंनी बोटाने एकेका टरफलाला शिवून पाहिलं. "हे तर नुस्तं फिरतच ऱ्हानार. मग दरसाली चालू कसं हुतं?"

"गेल्या हंगामाचा बगॅस राखून ठेवलेला असतो. पहिला जाळ त्याच्यावर. मग नवा आपोआप यायला लागतो."

"जुना झाला म्हणून पेटत न्हाई, असं न्हाई न्हवं?"

"नाही हो. आतला चांगला वाळलेला असतो, लवकर पेट घेतो."

त्यांनी बगॅसचं टरफल उचललं आणि परत जागेवर ठेवलं. मग पदर झटकून उठल्या आणि माझ्या ओंजळीत शेंगदाणे ओतले. "खावा. आणि ह्यास्नी सांगा, उद्या मी बसतो म्हणून."

"आहेराचं काय?"

"ते माझं मी बघतो. तुमी भट्टीचं बघा."

मला काहीच कळलं नाही. पण 'बसतो' हा शब्द मी मुठीत धरून घरी आले.

दसऱ्याला बॉयलर हाउसला झेंडूची तोरणं, केळीचे खुंट, दारात बँड. भट्टीच्या तोंडाशी चार लाकडं रचलेली, आणि बगॅस म्हणाल तर हुकमाने आलेल्या दोन ओल्या पाट्या, शिरगुप्पे साहेब म्हणाले होते तशाच. रंगरावांनी धोतर नवीन नेसलं होतं, पण डोक्याला तीच रोजची, तेलाचे डाग पडलेली टोपी. पूजेला नवी टोपी सासुरवाडीची घालायची असते. ती आली नव्हती, आणि स्वतः विकत घेतलेली घालायची नाही, एवढा हट्ट त्यांनीही धरलाच होता. समोर मिलच्या बाजूला खांबाशी हिंदुराव आपल्या माणसांसह हाताची घडी घालून उभे होते. त्यांचे कपडे कडक इस्त्रीचे, टोपी पांढरीशुभ्र.

आक्काताई आल्या. गडद हिरवं इरकली लुगडं, लाल काठाचं. न नेसलेल्या लुगड्याच्या घड्या वर्षानुवर्षं ट्रंकेत राहिल्या की त्यांच्या रेघा उमटतात, तशा त्यावर फिकट रेघा होत्या. इकडेतिकडे न बघता त्या पाटावर नवऱ्याशेजारी बसल्या, आणि मग एकदाच मान वर करून खांबाकडे बघितलं.

हिंदुरावांचे घडी घातलेले हात खाली आले. ते लुगड्याकडे बघत राहिले, खालपासून वरपर्यंत. तोंडावरचा रंग उतरला. मग ते गर्रकन वळले आणि बाहेर चालू लागले. त्यांच्यामागे त्यांची माणसंही गेली.

तात्यासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला ती एस्टी डोळ्यांसमोर दिसली. भटजींचे मंत्र चालू होते. रंगराव मान खाली घालून अक्षता टाकत होते, आणि त्या कुठे पडत होत्या याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात यार्डाच्या दाराकडून कुणीतरी "सरका, सरका" म्हणालं. मिलच्या माणसांची रांग आत येत होती, प्रत्येकाच्या डोक्यावर पाटी. पहिली पाटी खुद्द हिंदुरावांच्या डोक्यावर होती. इस्त्रीच्या सदऱ्यावर भुशाची पिवळी धूळ, टोपी खिशात कोंबलेली. वरचा भिजका थर बाजूला सारून त्यांनी आतला वाळका बगॅस काढून आणला होता. ती पाटी त्यांनी भट्टीपुढे ओतली, हात झटकले आणि बहिणीपुढे उभे राहिले.

"आक्का, ह्ये लुगडं मी भाऊबिजंला दिल्यालं. भांडणाच्या आदी."

"व्हय. ठेवलं हुतं जपून."

"ह्यो पूजेचा आहेर न्हवं. पूजेचा ऱ्हायलाय." त्यांनी सदऱ्यावरचा भुसा झटकला. "सांच्याला घिऊन येतो." आणि त्यांनी दाजींकडे बघितलं.

बँडवाल्यांनीही वाजवायचं थांबवलं होतं. रंगरावांनी हातातल्या अक्षता ताम्हनात परत ठेवल्या. मग म्हणाले, "सांच्याला कशाला? जेवायलाच ये की." आणि थोडं थांबून, "सुशीलाबी आण."

हिंदुरावांनी खिशातली टोपी काढली, झटकली, रंगरावांच्या डोक्यावरची तेलकट टोपी उचलून तिथे ही ठेवली. ती मोठी होती, थेट भुवयांपर्यंत खाली आली. सगळं बॉयलर हाउस हसलं. आक्काताई हसता हसता रडत होत्या, आणि मी तेच करत होते, फक्त एका पाइपमागे उभी राहून.

"दाजी, लावा काडी," हिंदुराव म्हणाले.

जोडप्याने काकडा धरून भट्टीत सारला. गेल्या हंगामाचा बगॅस भुर्रकन पेटला.

दुपारी तात्यासाहेब माझ्या खोलीत आले. भिंतीवरच्या कागदावर मी नुकताच एक नवा बाण काढला होता, तुटक रेघेचा, आहेराच्या छोट्या गोलापासून बॉयलरच्या मोठ्या गोलापर्यंत. नेटवर्कमध्ये असे तुटक बाण असतात. त्यांच्यावर काहीही काम होत नाही.

"ह्यो कसला?" त्यांनी विचारलं. "ह्येला खर्च किती?"

"काही नाही."

"येळ?"

"काहीच नाही."

"मग काढलाय कशाला?"

"तो नसला तर पुढचा बाण सुरू होत नाही, तात्यासाहेब."

त्यांनी त्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग जाता जाता दारातून म्हणाले, "पुढल्या साली कागद जरा मोठा मागवा. ह्यो पुरत न्हाई."

मी त्या कारखान्यात मग पुष्कळ वर्षं राहिले. पुढच्या उन्हाळ्यात हंगाम संपला आणि नवा कागद भिंतीवर चढला, तेव्हा त्याच बाकावर रंगराव आणि हिंदुराव येऊन बसले. मी पेन्सिल घेऊन म्हटलं, "चला, बॉयलरपासून सुरू करू."

"बाई, ह्येला सांगा," रंगरावांनी सवयीने सुरुवात केली, "क्रेन पयल्यांदा मला लागती."

"बाईस्नी कशाला मधी घालतासा?" हिंदुराव एकदम त्यांच्याकडे वळले. "मी काय भायेरगावचा हाय? मला सांगा की!"

"तुलाच सांगतो! क्रेन माझी!"

"आणि माझं रोलर काय हातानं उचलू? माझ्या क्रेनला हात लावून दाखवा!"

मग दोघं जे काही भांडले! क्रेनवरून सुरू झालेलं भांडण गेल्या वर्षीच्या ग्रीसपर्यंत गेलं, तिथून आक्काताईंच्या हातच्या मटणात मीठ जास्त झालंय असं कुणी म्हटलं होतं इथपर्यंत पोचलं. आवाज ऐकून शिरगुप्पे साहेब धावत आले. मी दारातच त्यांना हात करून अडवलं.

"थांबा साहेब," मी म्हणाले. "काम चालू आहे."